मागच्या सीटवरचे पास्कल अंकल

पास्कल अंकल गाडी बघायला आले की आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. विकणारा बिचारा किल्ली हातात घेऊन बॉनेट उघडायच्या तयारीत उभा, आणि हे आपले त्याचीच विचारपूस करत राहणार. घर कुठं, मुलं किती, ऑफिसला कुठल्या रस्त्यानं जाता, पार्किंग उन्हात की बेसमेंटमध्ये. आपल्याला वाटावं, गाडी घ्यायला आलोत की मुलगी द्यायला? मग बोलता बोलता सहज हात बॉनेटवर ठेवायचे. बॉनेट कोमट लागलं की संपलं सगळं.

"गाडी गार ठेवा म्हणून फोनवर सांगितलं होतं ना मी?" एवढंच विचारायचे आणि आमच्याकडे वळून म्हणायचे, "खलास. चला बाय, दुसरी बघू."

त्यांचं म्हणणं असं, की रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा सुरू होते तेव्हाच खरं बोलते. एकदा गरम झाली की मग ती पण विकणाऱ्याच्या बाजूची.

पास्कल अंकल वसईचे, समोरच्या बाईला 'बाय' म्हणणारे. दुबईत अल कूजमधल्या एका मोठ्या वर्कशॉपच्या सर्व्हिस कौंटरवर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. गाडीवाले यायचे, तक्रारी सांगायचे आणि हे त्या लिहून आत मेकॅनिककडे पाठवायचे. रिटायर झाल्यावर बायकोच्या, फिलोमिना आंटींच्या, शाळेतल्या नोकरीवर व्हिसा काढून ते शारजात राहिले, आणि दुबई-शारजातल्या निम्म्या मराठी माणसांच्या जुन्या गाड्या त्यांच्या डोळ्याखालून जायला लागल्या. पैसे घ्यायचे नाहीत. मी एकदा पाकीट पुढं केलं तर हात मागं घेऊन म्हणाले, "पैसे घेतले तर मला कधी ना कधी होय म्हणावं लागेल. मी फक्त नाय म्हणायला येतो."

दिसायला अगदी साधे. इन केलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात घडी घातलेला पांढरा रुमाल आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा. त्या आरशानं ते गाडीच्या पोटात जिथं जिथं डोळा पोचत नाही तिथं बघायचे. माझी लेक सई, वय पंधरा, तिनं पहिल्याच भेटीत सुनावलं, "अंकल, देअर्स ॲन ॲप फॉर धिस. यू जस्ट एंटर द चासी नंबर."

"अ‍ॅपला नाक आहे काय गो?" अंकलनी विचारलं.

सई गप्प. ही घटना आमच्या घरात दुर्मीळ आहे.

आणि अजून एक. विकणाऱ्याच्या घरचा चहा प्यायचे नाहीत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. "चहा घेतला की जीभ जड होते," म्हणायचे. कारण तेवढंच. आता हे ऐकायला ठीक आहे, पण मराठी माणसाच्या घरी जाऊन चहाला नको म्हणून दाखवा तुम्ही! त्या एका सवयीपायी माझी काय फजिती झाली ते पुढं सांगतेच.

आम्हाला त्यांची गरज पडली ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. मधू अल ऐनला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. नवरा जहाजावर, त्यामुळं वर्षातले सहा महिने घरात ती आणि आई. बाबा गेल्यावर आई पुण्याहून तिच्याकडे आली ती तिथंच रमली. अल ऐन आहेच तसं, दुबईसारखं अंगावर येत नाही. दर दुसऱ्या शनिवारी दोघी माझ्याकडे दुबईत बर्शाला यायच्या, आई दोन दिवस माझ्या स्वयंपाकघरातल्या चुका काढायची आणि खूश होऊन परत जायची.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात परत जाताना मधूची गाडी भर दुपारी हायवेवर बंद पडली. छोटी, जुनी, तिसऱ्या हाताची गाडी. एसी गेला, सगळंच गेलं. मदतीची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. बाहेर आग ओतत होती आणि आत मागच्या सीटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, खुब्याचा सांधा बदललेली. ती बेशुद्ध पडली. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. मधूच्याच हॉस्पिटलमध्ये, मधूच्याच वॉर्डात.

बरी झाली, पण त्यानंतर आईनं गाडीत पाय ठेवायचं सोडलं. आणि अल ऐनला गाडीशिवाय म्हणजे घरातच कोंडून घेणं. ना देवळात जाणं, ना माझ्याकडे येणं, ना दुबईला सांध्याच्या डॉक्टरांकडे. दिवसभर खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी मधू ड्यूटीवरून आली की म्हणायची, "मला पुण्याला पाठव." पुण्याला दादा-वहिनी दोघं नोकरीवाले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथं ती सुखी राहणार नाही हे तिला कळत होतं, आम्हाला कळत होतं, दादालाही कळत होतं. पण दादानं हट्टानं दहा जुलैचं तिकीट काढून टाकलं. "तुमच्या वाळवंटात मारायची आहे का तिला?" हे वर.

मी आईला म्हटलं, "अगं, एअरपोर्टपर्यंत काय चालत जाणार आहेस?"

"तेवढं एकदा बसेन डोळे मिटून," आई म्हणाली.

मधू त्या दिवसांत आरशात बघायचीही बंद झाली होती. एकदा फोनवर म्हणाली, "ताई, आई गेली ना, तर मी तिला घालवली असंच मला जन्मभर वाटणार." मी नेहमीप्रमाणे चिडले. मला रडू आलं की मी चिडते.

तेव्हा ठरलं, बंद न पडणारी गाडी घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सीट बुटकी नको, खुब्याला धक्के नकोत. म्हणजे मोठी एसयूव्ही आली, मागं वेगळा एसी असलेली आली. अशी नवीन गाडी मधूच्या पगारात बसणं शक्यच नव्हतं. पण या देशात आलिशान गाड्या पाच-सहा वर्षांत निम्म्याहून खाली येतात. माझे यजमान नितीन लॅपटॉप घेऊन बसले. "पंच्याहत्तर हजार दिरहमपर्यंत जाऊ. म्हणजे आपले अठरा लाख. अठरा लाख!"

"बाबा, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग," सई आतून ओरडली.

अंकलनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, "नितीनभाय, ही मोठ्या घरची लेक असते. स्वस्तात सून करून आणाल, पण खायला तिला माहेरचंच लागणार. पार्ट महाग, ऑईल महाग, टायर महाग. ते झेपणार असेल तर शोधू."

झेपवू म्हटलं आम्ही.

पहिल्यांदा शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. तिथं गाड्या अशा चकाचक, की डोळे दिपावेत. एका पांढऱ्या गाडीच्या मी प्रेमातच पडले. सेल्समन म्हणाला, "मॅडम, डॉक्टर की बीवी का गाडी है, सिर्फ मॉल जाता था." अंकलनी दारांच्या रबरी पट्ट्या जरा उचलून बघितल्या, आरसा आत घातला, बाहेर आले.

"डॉक्टरच्या बायकोनं मॉलच्या भिंतीतून आत नेलेली दिसते," ते माझ्या कानाशी म्हणाले. गाडी परदेशात ठोकलेली, इथं आणून जोडलेली. सेल्समनवर मात्र आवाज चढवला नाही. त्याला "शुक्रन हबीबी" असे अरबीत आभार मानून, त्याच्याशी हात मिळवून निघाले. मी बाहेर येऊन म्हटलं, "दोन शब्द सुनवायचे ना त्याला!" तर म्हणाले, "त्याला संध्याकाळी मालकाला तोंड दाखवायचं असतं बाय. त्याचा काय दोष?"

आता ती फजिती. आमच्या मंडळातले कर्णिक साहेब, आमच्याच गल्लीत तीन बिल्डिंग सोडून राहतात. गणपतीत आरतीला सगळ्यात उंच आवाज त्यांचा. त्यांना कळलं, की वैशालीवहिनी, म्हणजे मी, गाडी शोधतायत. त्यांची होतीच विकायची. हवी तशीच. रंगसुद्धा आईच्या आवडीचा, मोतिया. मी फोनवर ऐकताच होय म्हणून टाकलं. आपल्या माणसाची गाडी, त्यात बघायचं काय? उलट तपासायला माणूस नेणंच वाईट दिसतं. चोरासारखं वाटतं. इथं परक्या मुलखात आपण एकमेकांच्या घरी किल्ल्या ठेवून सुट्टीला जातो, आणि गाडीच्या चाकाखाली वाकून बघायचं? मी अंकलना नेलं ते केवळ नितीननी आग्रह धरला म्हणून, आणि तेही "सहज आमच्याबरोबर आलेत" असं सांगून.

कर्णिकवहिनींनी पोहे केले होते. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. वेलचीचा चहा. अंकलनी हात जोडले. "नको बाय."

"अहो, घोटभर तरी."

"नको, खरंच नको."

"साखर चालत नाही का? बिनसाखरेचा करते."

"साखर चालते बाय. पण नको."

कर्णिकवहिनींचा चेहरा असा झाला, की मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं वाटलं असतं. मी आणि नितीननी दोन-दोन बश्या पोहे खाऊन भरपाई करायचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. वहिनी आजही मला भेटल्या की "तुमचे ते चहा न पिणारे" म्हणतात.

खाली बेसमेंटमध्ये गेलो. गाडी गार होती, सुरूही छान झाली. मी मनातल्या मनात अंकलना म्हटलं, बघा, आपला माणूस! अंकलनी मागची डिकी उघडली, जादा चाकावरचं झाकण उचललं, रुमाल बोटाला गुंडाळला आणि पार खालच्या खोबणीतून फिरवला. मग पुढच्या सीटखाली गुडघे टेकून वाकले आणि सीट जिथं जमिनीला बसवलेली असते तिथले बोल्ट आरशात बघितले. रुमालाकडे एकदा बघून तो घडी घालून खिशात ठेवला. आम्हाला काही दाखवलं नाही.

"कर्णिक साहेब, जरा वर गॅलरीत येता? तुमची झाडं बघायची आहेत," म्हणाले.

दहा मिनिटं दोघं गॅलरीत होते. आम्ही दिवाणखान्यात एकमेकांकडे बघत बसलेलो. मला वाटत होतं, आता भांडण होणार, मंडळात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. कर्णिक साहेब आत आले, सोफ्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, ही गाडी तुमच्या आईंसाठी नको. गेल्या वर्षीच्या मोठ्या पावसात खाली बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं. मी वरवर साफ करून घेतली, पण... नको."

परत येताना लिफ्टमध्ये मला राहवेना. "काय बोललात हो तुम्ही त्यांना?"

"झाडं छान आहेत म्हटलं. कढीपत्ता तर फारच."

खरं काय ते मला कर्णिक साहेबांनीच नंतर सांगितलं. अंकलनी त्यांना रुमाल दाखवला, त्यावर बारीक पिवळी माती होती, आणि विचारलं, "तुमची आई आहे?" ते म्हणाले, आहे, ठाण्याला. अंकल म्हणाले, "ऑगस्टात तिला या गाडीतून अल ऐनला न्याल?" बस्स. पुढं एक शब्द नाही. नंतरची नऊ मिनिटं खरोखर झाडांबद्दल बोलले म्हणे. नकार आमच्या तोंडून जाऊ दिला नाही, स्वतः दिला नाही. ज्याची गाडी त्याच्याच तोंडून त्याच्याच घरात, अब्रूनं. मी तेव्हा मनातून त्यांच्या पाया पडले. तोंडानं मात्र मी म्हणाले, "चहा प्यायला असता तर काय बिघडलं असतं?" माझा स्वभाव.

हे झालं जानेवारीत. फेब्रुवारीत अंकलचा फोन आला, की अल ऐनलाच एक गाडी आहे, चांगली वाटतेय. उम्म राशिद नावाच्या एक स्थानिक बाई, मुलींच्या शाळेच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. कौंटरवरच्या दिवसांपासून अंकलना ओळखायच्या. एकदा यांनी त्यांना गरज नसलेला मोठा खर्च करू दिला नव्हता म्हणून. गाडी सहा वर्षांची, जपानी, दर सर्व्हिसचा कागद बिस्किटाच्या डब्यात तारखेप्रमाणे लावलेला.

"मग घेऊन टाकू ना!" मी म्हटलं.

"जूनमध्ये बघू."

"म्हणजे?"

"एसी आहे बाय. फेब्रुवारीत सगळ्यांचाच एसी चांगला असतो. उन्ह पडू दे."

माझं डोकंच फिरलं. जूनपर्यंत थांबायचं? तिकडं आई खिडकीत सुकतेय, दादानं जुलैचं तिकीट काढलंय, आणि या माणसाला उन्हाळा हवाय? मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, "तोवर ती बाई थांबणार आहे का? गाडी काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?" ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "थांबतील त्या. मी विचारलंय. तुम्ही थांबा." आणि फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही. त्यांनी मात्र त्या दिवसांत वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आमच्या वॉचमनकडे ठेवली, "सईसाठी" अशी चिठ्ठी लावून.

उम्म राशिद थांबल्या. चार महिने. का, तर पास्कलनं सांगितलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी एक वाजता, आम्ही त्यांच्या घरामागच्या मोकळ्या मैदानात पोचलो. सावली नावाला नाही. उन्हात उभं राहिलं की बुटाच्या तळव्यातून चटका लागत होता. अंकलनी इंजिन सुरू केलं, एसी लावला, ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले आणि मागचं दार उघडून उजव्या बाजूला जाऊन बसले. दार लावून घेतलं.

"उजवीकडे का?" मी काचेवर टकटक करून विचारलं.

काच दोन बोटं खाली आली. "आई कुठं बसतात?"

"उजवीकडेच."

"मग?" काच वर.

चालत्या गाडीचा एसी कुणीही दाखवतो. उभ्या गाडीचा, जूनच्या उन्हात, मागच्या सीटवर किती वेळ टिकतो ते त्यांना बघायचं होतं. आम्ही उम्म राशिदांच्या व्हरांड्यात कूलरसमोर बसलो होतो तरी घाम थांबत नव्हता. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. उम्म राशिदांचा मल्याळी ड्रायव्हर दोनदा जाऊन काचेतून डोकावून आला. "मॅडम, वो आदमी आंख बंद करके कुछ बोल रहा है," त्यानं मला घाबरून सांगितलं. नितीन धावत गेले. अंकल रोजरी, म्हणजे त्यांची जपमाळ, म्हणत होते. सदुसष्ट वर्षांचा माणूस, आधीच रक्तदाब, त्या लोखंडाच्या पेटीत. एसी दगा देता तर पहिला फटका त्यांनाच बसणार होता, आणि म्हणूनच ते स्वतः बसले होते. मधूला म्हणाले असते तर मधू बसली असती. आम्ही कुणीही बसलो असतो. त्यांनी विचारलंच नाही.

सव्वा तासानं उतरले. शर्ट कोरडा होता. मी पहिल्यांदा शर्टच बघितला. "तीन रोजऱ्या झाल्या," म्हणाले. मग गाडी जबल हफीत डोंगराच्या घाटातून वरपर्यंत चढवली, एसी पूर्ण लावून, तेव्हाही स्वतः मागंच, गाडी चालवायला मधू. खाली आल्यावर मधूनं विचारलं, "घेऊ?"

"ते मी कसं सांगू? ज्यांना बसायचंय त्यांना विचारा."

गाडी मधूच्या दारात आणली. आई पायरीजवळ खुर्ची टाकून बसली होती, हाताची घडी घालून. आम्हाला बघताच म्हणाली, "गाडी छान आहे. मी बसणार नाही. आग्रह करू नका." आम्ही दोघी लागलो समजवायला. एसी कसा, इंजिन कसं, कागद कसे. आई ढिम्म. अंकल तिच्यासमोर पायरीवर बसले. खालीच, फरशीवर.

"आई, मी बसा म्हणायला आलो नाय. मला एक सांगा, त्या दिवशी काय झालं?"

मधू म्हणाली, "अंकल, आधी एसी बंद झाला, मग..."

"तुम्ही नाय बाय. तुम्ही पुढं होता. मागं कोण होतं?"

दहा महिने झाले होते. आईला डॉक्टरांनी सगळं विचारलं होतं. रक्तदाब, साखर, झोप. दादानं तिकिटाचं विचारलं होतं. मी पुण्याला का जायचंय म्हणून भांडले होते. हा एवढा साधा प्रश्न आम्ही कुणी तिला विचारला नव्हता. मला माझी लाज वाटली.

आई अंकलकडे बघूनच बोलली, आमच्याकडे नाही. "काच उघडेना. दार उघडेना. मी खूप ओढलं. मधू रस्त्याच्या कडेला उभी होती, मदतीची गाडी येते का बघत. तिची पाठ माझ्याकडे. मी काचेवर मारत होते, तिला ऐकू येत नव्हतं, गाड्या केवढ्या जोरात जात होत्या. मला वाटलं, आता मी इथंच जाणार आणि हिला वळून बघितल्यावर कळणार." मग म्हणाली, "तिला सांगितलं नाही मी. तिला लागलं असतं."

मधू मटकन खाली बसली आणि तिनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं.

अंकलनी त्यांना रडू दिलं. मग उठले, मधूच्या दारात उभ्या असलेल्या त्या जुन्या छोट्या गाडीपाशी गेले आणि मागचं दार उघडून दाराच्या कडेतला एक बारीक खटका दाखवला. लहान मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून असतो तो. आधीच्या मालकाची मुलं लहान असणार; त्यानं तो लावून ठेवलेला, आणि मधूला त्याचा पत्ताच नव्हता. स्वतःच्या गाडीत मागं ती कधी बसलीच नव्हती, आणि आईला उतरवायला दार नेहमी तीच बाहेरून उघडायची.

मग नव्या गाडीचा तसलाच खटका त्यांनी उलटा फिरवला, आईला फिरवून दाखवला, इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली. आत बसले, दार लावलं, आतून उघडलं. "आता तुम्ही." आईनं आधी बाहेर उभ्या उभ्याच आत हात घालून कडी ओढून बघितली. मग एक पाय आत. मग बसली. दार लावलं. उघडलं. लावलं. उघडलं. मी मोजलं, अकरा वेळा. शेजारची इजिप्शियन बाई दारात येऊन बघत होती, तिला काय वाटलं असेल देव जाणे. अंकल प्रत्येक वेळी बाहेर उभे, हात मागं बांधून, मदत न करता. बाराव्या वेळी दार लागलं ते उघडलंच नाही. आम्ही घाबरून पुढं झालो, तर आतून आईचा आवाज आला.

"आता उभे काय राहिलात? चला की, जरा डोंगरापर्यंत जाऊन येऊ."

त्या रात्री दादाचा फोन आला तेव्हा आईनं त्याला सांगितलं, "तिकीट तू काढलंस ना? मग तूच बस विमानात."

गेल्या ऑगस्टात फिलोमिना आंटी शाळेतून रिटायर झाल्या आणि दोघं कायमचे वसईला निघाले. विमान दुपारी चारचं. आईनं ठरवून टाकलं, की एअरपोर्टला आपणच सोडायचं. सकाळी अल ऐनहून निघून बर्शाला मला घेतलं, शारजाच्या गर्दीतून त्यांना घेतलं, आणि भर उन्हात टर्मिनलसमोर उभे राहिलो. तेहतीस वर्षांचा संसार चार बॅगांत. आंटी डोळे पुसत ट्रॉली शोधायला गेल्या. आई गाडीतून उतरून उभी राहिली, तिनं त्यांच्या हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला. अंकल खाली वाकले आणि तिच्या पायांना हात लावला.

"सुखी राहा," आई म्हणाली. "तुझ्यामुळं राहिले रे मी इथं."

अंकलना असलं काही ऐकायची सवय नव्हती. ते टायरकडे बघायला लागले. मग मधूकडे वळून म्हणाले, "घरी पोचलात की फोन करा."

"अरे, विमानात तू चाललायस," आई म्हणाली. "पोचलास की फोन तू करायचा!"

"विमानाचं काय आई, ते दुसऱ्या कुणीतरी तपासलंय. गाडी मी तपासलीय. तुम्ही करा."

आंटी दारातून ओरडल्या, "पास्कल, यल्ला, चल लवकर!" आणि ते ट्रॉली ढकलत गेले. शर्ट इन केलेला, चाल जरा एका बाजूला कललेली. मागं वळून बघितलं नाही. काचेच्या दारातून आत जाताना एवढंच दिसलं, की एका म्हाताऱ्या बाईची व्हीलचेअर उंबऱ्याला अडली होती, आणि अंकलनी आपली ट्रॉली सोडून आधी तिचं चाक बघायला सुरुवात केली होती.

शनिवार होता, म्हणून बर्शाला जेवून, उन्हं उतरल्यावर मी पण त्यांच्याबरोबर अल ऐनला गेले. रस्त्यात आई खिडकीतून वाळू बघत होती. सातच्या सुमाराला घरी पोचलो. चपला काढायच्या आधी आईनं मधूकडून फोन घेतला, तो तोंडाशी अगदी जवळ धरला आणि मोठ्यानं बोलली, "पास्कल, पोचलो रे आम्ही. मी आई."

व्हॉट्सॲपवर निरोप गेला. बरोबरची एकच खूण उमटली.

"अजून वरच असेल तो," आई म्हणाली. "उतरला की ऐकेल." आणि देवापाशी दिवा लावायला आत गेली.